परदेशी कासव, इग्वाना किंवा अजगर उघड्यावर सापडला तर काय करायचं?

विहिरीत पडलेलं कासव टोपलीतून वर काढायचं, बादलीत ठेवायचं आणि जवळच्या नदीत सोडून द्यायचं. असे व्हिडिओ सोशल मीडियावर नेहमी दिसतात आणि त्यांच्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. कासव इथलंच असेल तर हा शेवट बहुतेक वेळा बरोबर असतो. पण डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवट कासव असेल, तर ते मूळचं अमेरिकेतलं असतं आणि कुणाच्या तरी फिशटँकमधून बाहेर आलेलं असतं. त्याला नदीत सोडलं तर एक जीव वाचल्यासारखा वाटतो, पण त्या नदीतल्या देशी कासवांसमोर नवा स्पर्धक उभा राहतो.

देशी प्राण्याची सुटका त्याला योग्य जागी सोडल्यावर पूर्ण होते. परदेशी प्राण्याच्या बाबतीत मात्र त्याला कुठेही न सोडणं हाच सुटकेचा महत्त्वाचा भाग असतो. ही गोष्ट माहीत नसल्यामुळे चांगल्या मनाची माणसंही नकळत नुकसान करून बसतात.

थोडक्यात

- अनोळखी कासव, सरडा किंवा साप दिसला तर आधी लांबून फोटो काढा आणि वन विभागाला कळवा. राज्यातली वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.
- अनोळखी सापाला हात लावू नका. 'अजगराचं पिल्लू' वाटणारा साप घोणस असू शकतो.
- प्राणी परदेशी असल्याची शंका असेल तर तो नदी, तळं, विहीर, शेत किंवा देवळाच्या कुंडात सोडू नका.
- घरी पाळलेलं परदेशी कासव नकोसं झालं, तरी हाच नियम लागू होतो.

हे प्राणी आपल्याकडे येतात कुठून?

बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: पाळीव प्राण्यांचा बाजार. भारतातली देशी कासवं, घोरपड, अजगर, मांडूळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती पकडणं, विकणं आणि घरात ठेवणं गुन्हा आहे. त्यामुळे हौशी लोकांची मागणी परदेशी प्राण्यांकडे वळली. त्यातले काही रीतसर येतात, बरेच चोरवाटेने येतात.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या एअर कार्गो संकुलात महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) एक खेप पकडली. कागदोपत्री ते मत्स्यालयासाठीचे शोभेचे मासे होते. आत कासवं, अजगर, इग्वाना, मोठे सरडे असे ६६५ परदेशी प्राणी निघाले. त्यातले ११७ मेलेले होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईत आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले. २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात तर ४७ विषारी साप होते.

ही पकडलेल्या मालाची गोष्ट. जे पकडलं जात नाही ते पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून आणि सोशल मीडियावरच्या ग्रुपमधून घरोघरी पोहोचतं. पुढचा प्रवास ठरलेला असतो. विकत घेताना रेड-इअर्ड स्लायडर जातीचं कासव जेमतेम नाण्याएवढं असतं. नीट वाढलं तर त्याची पाठ फूटभर लांब होऊ शकते आणि ते २० ते ४० वर्षं जगू शकतं. तोवर टाकी लहान पडते, पाण्याला वास यायला लागतो, मुलांचा उत्साह संपतो. मारायला मन होत नाही आणि घ्यायला कुणी तयार नसतं. मग एका संध्याकाळी ते पिशवीतून तळ्यावर जातं. कुणी पुण्य म्हणून देवळाच्या कुंडात सोडतं. काही प्राणी पिंजऱ्यातून निसटतात, तर काही छाप्याच्या भीतीने बाहेर टाकले जातात.

गुवाहाटीतल्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात २०१८ मध्ये रेड-इअर्ड स्लायडर आढळलं, तेव्हा ईशान्य भारतातल्या अभ्यासकांनी धोक्याची घंटा वाजवली. कारण देशातल्या कासवांच्या सर्वाधिक जाती त्याच भागात आहेत. केरळात त्रिशूर जवळच्या कालव्यात हेच कासव मिळालं. त्यानंतर पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेने २०२१ मध्ये लोकांना आवाहन केलं की, अशी कासवं पाण्यात सोडू नका, आमच्याकडे आणून द्या. महाराष्ट्रातही मुंबई, ठाणे, पुणे परिसरातल्या तळ्यांत ही कासवं दिसली आहेत.

मोठ्या शहरांचा प्रश्न देगलूरला कशाला?

देगलूर हे नांदेड जिल्ह्यातलं महाराष्ट्र, तेलंगणा आणि कर्नाटक यांच्या सीमेजवळचं तालुक्याचं गाव. नांदेडहून संगारेड्डीमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. शहरातल्या दुकानातलं कासव इथल्या घरात यायला एक बसप्रवास पुरतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची आहे. लेंडी नदी उदगीरच्या बाजूने येते आणि पुढे मांजरेला मिळते. मांजरा बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते, लातूर, बिदर, संगारेड्डी असा मोठा वळसा घेते, निजामसागर धरणातून पुढे येते आणि देगलूर-बिलोली पट्ट्यात महाराष्ट्र-तेलंगणाच्या सीमेवरून वाहत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. म्हणजे वरच्या अंगाला तीन राज्यांतली गावं आणि शहरं आहेत. त्यातल्या कुठल्याही तळ्यात सोडलेलं कासव पुराच्या पाण्याबरोबर खाली येऊ शकतं. आणि इथे सोडलेल्या कासवाला थेट गोदावरीपर्यंत वाट मोकळी आहे.

याच नदीमुळे उलट चूकही होऊ शकते. संगारेड्डी जिल्ह्यातलं मंजिरा अभयारण्य मगरींसाठी ओळखलं जातं. त्यामुळे मांजरेच्या पात्रात मगर दिसली तर ती कुणी पाळून सोडलेली असेल असं समजण्याचं कारण नाही. ती या नदीचीच रहिवासी आहे. दिसायला अनपेक्षित असलेला प्रत्येक प्राणी परदेशी नसतो, म्हणून ओळख पटवणं ही पहिली पायरी आहे.

ओळखायचं कसं? कासव

रेड-इअर्ड स्लायडर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्याच्या खुणा अशा:

- डोळ्याच्या मागे लाल किंवा केशरी रंगाचा ठळक आडवा पट्टा.
- मान आणि पायांवर हिरव्या-पिवळ्या रेघा.
- पाठ कडक, बऱ्यापैकी गुळगुळीत, हिरवट. पोटाची बाजू पिवळी, त्यावर गडद ठिपके.
- नराच्या पुढच्या पायांची नखं खूप लांब.

म्हातारे नर काळपट पडतात आणि लाल पट्टा पुसट होतो, त्यामुळे एकाच खुणेवर विसंबू नये.

आपल्याकडच्या विहिरी, तळी आणि कालव्यांत सर्रास दिसतं ते फ्लॅपशेल कासव. त्याच्या पाठीवर खवले नसतात, कातडी असते. पाय आत घेतल्यावर पोटाकडच्या झडपा मिटून घेता येतात. उन्हाळ्यात पाणी आटलं की ते चिखलात गाडून घेऊन पावसाची वाट बघतं. काळं कासव कडक पाठीचं असतं आणि पाठीवर लांब कंगोरे असतात. तंबू कासवाच्या पाठीचा मधला भाग तंबूच्या आढ्यासारखा वर आलेला असतो. काही तंबू कासवांच्या डोळ्यामागे तांबूस ठिपका असतो, त्यामुळे घाईत ते 'लाल कानाचं' वाटू शकतं. एखाद्या देशी कासवाला परदेशी ठरवून कायमचं टाकीत डांबणं हीसुद्धा मोठीच चूक आहे.

गोदावरी आणि दख्खनच्या इतर नद्यांत लीथचं मऊ पाठीचं कासव असतं. ते फक्त भारतात सापडतं आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ते 'अतिसंकटग्रस्त' आहे. नाक सोंडेसारखं पुढे आलेलं मोठं, चपटं, मऊ पाठीचं कासव जाळ्यात आलं तर ते इथलं मौल्यवान कासव असण्याची शक्यता जास्त.

तिसरा प्रकार 'देशी, पण इथलं नाही' असा. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव गुजरात-राजस्थान आणि आंध्र-कर्नाटक-तमिळनाडूच्या कोरड्या माळरानांत राहतं. शुभ मानून ते चोरून पाळलं जातं. ते जमिनीवरचं कासव आहे. कासव म्हणजे पाण्यातलंच, असं समजून कुणी त्याला विहिरीत किंवा नदीत सोडलं तर ते बुडून मरतं.

सरडा की घोरपड?

ग्रीन इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. मानेपासून पाठीवर काट्यांची झालर, गळ्याखाली लोंबणारी मोठी कातडी आणि कानाच्या खाली एक मोठा गोल खवला या त्याच्या खुणा. शेपटीसह तो दीड मीटरपर्यंत वाढतो आणि मुख्यतः पाला खातो. घोरपडीच्या पाठीवर काटे नसतात, तिची जीभ सापासारखी दुभंगलेली असते आणि ती सतत जीभ बाहेर काढत चालते. घोरपड संरक्षित आहे. आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्या मानेवरही छोटे काटे असतात, पण तो हातभराहून मोठा होत नाही.

साप असेल तर ओळखण्याचा खेळ नको

परदेशी सापांमध्ये सर्वाधिक विकला जातो तो बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला हा बिनविषारी अजगर घाबरला की डोकं आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो. अंगावर तपकिरी-काळे मोठे डाग असतात. बाजारात त्याचे पिवळे, पांढरे, नारिंगी असे पैदाशीतून तयार केलेले रंगही मिळतात.

धोका इथेच आहे. घोणससुद्धा जाड, तपकिरी आणि डागांची असते. तिच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल डागांच्या तीन रांगा असतात, डोकं त्रिकोणी असतं आणि ती कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फुत्कार सोडते. महाराष्ट्रात अजगराचं पिल्लू समजून घोणस उचलल्याच्या घटना पुन्हापुन्हा घडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. भारतात मिळणारं प्रतिविष याच चार सापांच्या विषावर तयार केलेलं असतं. चोरून आणलेल्या परदेशी विषारी सापाने चावा घेतला तर त्यावरचं नेमकं औषध जवळच्या दवाखान्यात मिळणार नाही.

म्हणून सापाच्या बाबतीत सामान्य माणसाचं काम एवढंच: लांब उभं राहायचं, तो कुठे जातो यावर नजर ठेवायची, गर्दी हटवायची आणि वन विभागाला किंवा वन विभागाकडे नोंद असलेल्या सर्पमित्राला बोलवायचं. चावा झालाच तर आवळपट्टी, चिरा देणं, मंत्र-झाडपाला यात वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता १०८ रुग्णवाहिकेने किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात जावं.

एक कासव सोडल्याने असं काय बिघडतं?

गाजरगवत, जलपर्णी, मांगूर. यातली प्रत्येक गोष्ट बाहेरून आली आणि प्रत्येकीची सुरुवात थोडक्यातच झाली होती. अमेरिका खंडातलं गाजरगवत १९५०च्या दशकात पुण्यात नोंदवलं गेलं आणि आज मराठवाड्यातला एकही बांध त्यातून सुटलेला नाही. बाहेरून आणलेला चिलापी मासा उजनीसारख्या धरणांत असा पसरला की तिथल्या मच्छीमारांच्या जाळ्यात तोच दिसू लागला.

रेड-इअर्ड स्लायडर जगातल्या सर्वांत त्रासदायक १०० आक्रमक जातींच्या यादीत आहे. कारणं साधी आहेत. ते वनस्पती, किडे, बेडूक, मासे, मेलेलं काहीही खातं. मादी वर्षातून एकाहून जास्त वेळा अंडी घालू शकते. घाण पाण्यातही ते तग धरतं. तळं आटलं तर जमिनीवरून चालत दुसरं पाणी गाठतं.

कासवांना ऊन खायला दगड किंवा ओंडका लागतो. उन्हाशिवाय त्यांचं पचन होत नाही. फ्रान्समध्ये तलावात देशी युरोपीय कासवं आणि स्लायडर एकत्र ठेवून प्रयोग झाले. त्यात उन्हाच्या चांगल्या जागा स्लायडरने बळकावल्या आणि देशी कासवांचं वजन घटलं. आपल्याकडे उन्हाळ्यात डोह लहान होत जातात, तेव्हा अशी जागा आणि अन्न दोन्हीसाठी ओढाताण वाढते.

या कासवांची पिल्लं नर होणार की मादी, हे घरट्यातल्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर मादी जास्त होतात, खाली नर जास्त होतात. उष्ण भागात मादीच जास्त निपजल्या तर संख्या वाढायला अडचण कमी राहते.

शिवाय रोग. टाकीत गर्दीने वाढलेल्या कासवांकडून परजीवी आणि जंतू देशी कासवांत जाऊ शकतात. माणसालाही साल्मोनेलाचा संसर्ग होतो. लहान मुलं छोटी कासवं तोंडात घालत आणि आजारी पडत, म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये ४ इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये या कासवाची आयात थांबवली. जपानने २०२३ मध्ये त्याची विक्री आणि उघड्यावर सोडणं बेकायदा ठरवलं. तोवर तिथल्या तळ्यांत ही कासवं पसरून गेली होती.

सापांची उदाहरणं याहून कठोर आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीबरोबर ग्वाम बेटावर पोहोचलेल्या तपकिरी झाडसापाने तिथले बहुतेक जंगली पक्षी संपवले. अमेरिकेतल्या फ्लोरिडात पाळीव बर्मी अजगर सुटले आणि एव्हरग्लेड्सच्या दलदलीतले रॅकून, ससे यांच्यासारखे प्राणी दिसेनासे झाले. दोन्हीकडे आज मोठा खर्च होतो आणि तरीही हे साप पूर्णपणे काढून टाकता आलेले नाहीत.

सापडल्यावर पहिला तास

समजा, लेंडीच्या डोहात मासे धरताना जाळ्यात एक अनोळखी कासव आलं. काय करायचं?

१. आधी फोटो. पाठ, पोट, डोक्याची बाजू असे तीन स्पष्ट फोटो घ्यावेत. जागा आणि वेळ लिहून ठेवावी. साप किंवा मगर असेल तर लांबूनच झूम करून फोटो घ्यावा, जवळ जाऊ नये.

२. फोन. १९२६ वर किंवा तालुक्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावं. मांजरेच्या पलीकडच्या काठावर सापडलं असेल तर ते तेलंगणा वन विभागाच्या हद्दीत येतं. फोन करताना काठ आणि गाव नेमकं सांगावं.

३. धरायचं झालं तर. कासव लहान असेल आणि ते रस्त्यावर किंवा जाळ्यात अडकलं असेल तरच उचलावं. पाठीच्या दोन्ही कडा मागच्या बाजूने धराव्यात. शेपटीला धरून उचलू नये. मऊ पाठीची कासवं मान लांब करून जोरात चावतात, त्यांना हात न लावलेलाच बरा. इग्वाना शेपटीचे फटके मारतो आणि नखांनी ओरबाडतो.

४. ठेवायचं कशात. भोकं पाडलेला खोका किंवा झाकण असलेला प्लास्टिकचा टब, तळाशी ओलं फडकं, जागा सावलीतली. पाण्याने भरलेल्या बादलीत ठेवू नये, कारण थकलेलं किंवा जखमी कासव बुडू शकतं. देशी कासवांबरोबर एकाच टबात ठेवू नये.

५. खायला देऊ नये. पोळी, भात, दूध यांतलं काहीच नको. काही तासांच्या उपाशीपणाने कासवाला काही होत नाही.

६. हात धुवावेत. साबणाने, आणि मुलांना लांब ठेवावं.

७. पोस्ट नंतर. ओळख पटायच्या आधी 'दुर्मिळ कासव सापडलं' म्हणून जागेसकट पोस्ट टाकली की बघे आणि खरेदीदार दोन्ही येतात. देशी कासवांची आणि मांडुळांची तस्करी होते, हे विसरून चालणार नाही.

प्राणी वन विभागाच्या ताब्यात गेल्यावर नोंद ठेवायची असेल तर इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल किंवा आयनॅचरलिस्टवर फोटो टाकता येतात. परदेशी जात कुठवर पोहोचली हे अशा नोंदींतूनच अभ्यासकांना कळतं.

वन विभागाने नेल्यावर पुढे काय?

पहिली तपासणी पशुवैद्यकाकडे होते. पाळीव सरपटणाऱ्या प्राण्यांमध्ये ऊन आणि कॅल्शियम न मिळाल्याने हाडं मऊ पडणं, पाठ वेडीवाकडी वाढणं, डोळे सुजणं हे आजार नेहमीचे आहेत. घरात बल्बखाली वाढलेला इग्वाना मराठवाड्यातल्या डिसेंबरच्या थंडीत गारठून निपचित पडतो, कारण या प्राण्यांना शरीराची उष्णता स्वतः तयार करता येत नाही. म्हणजे बाहेर सापडलेला परदेशी प्राणी जसा धोका असतो, तसाच बहुतेक वेळा आजारीही असतो.

बरा झाल्यावर देशी प्राणी त्याच्या अधिवासात परत जातो. परदेशी प्राण्याला ती वाट नसते. कुठल्या नदीतून, कुठल्या शेततळ्यातून आला हे माहीत नसलेलं कासव अमेरिकेत परत पाठवता येत नाही. विमानतळावर पकडलेला प्राणी कधीकधी आला त्या देशात परत पाठवला जातो, पण तळ्यात सापडलेल्याचं तसं होत नाही. त्याला प्राणिसंग्रहालयात किंवा बचाव केंद्रात बंदिस्त टाकीत आयुष्यभर सांभाळावं लागतं. एका कासवाची पुढची २५-३० वर्षं म्हणजे जागा, खाणं, पाणी बदलणं, औषधं आणि माणूसबळ. केंद्रांची क्षमता मर्यादित असते, त्यामुळे हा भार वाढत गेला की जखमी देशी प्राण्यांची जागा कमी होते. म्हणूनच खरा उपाय तळ्याच्या काठावर कमी आणि दुकानाच्या काउंटरवर जास्त आहे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. या दुरुस्तीतून दोन गोष्टी बदलल्या.

पहिली: 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी प्राण्यांसाठी कायद्यात वेगळी अनुसूची आली. धोक्यातल्या जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या या करारात भारत १९७६ पासून आहे. बॉल पायथन आणि ग्रीन इग्वाना या करारात येतात. असे प्राणी ज्यांच्याकडे आहेत त्यांनी नोंदणी करणं सक्तीचं आहे. त्यासाठीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. नोंदणी केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर होते आणि नवा प्राणी मिळाल्यास ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

दुसरी: आक्रमक परदेशी जातींची आयात, विक्री, बाळगणं आणि प्रसार यांवर नियंत्रण आणण्याचा किंवा बंदी घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला.

गोम अशी की रेड-इअर्ड स्लायडर सायटीसच्या याद्यांत नाही. ते जगात धोक्यात नाही, उलट गरजेपेक्षा जास्त आहे. त्यामुळे जे कासव आपल्या तळ्यांत जास्त दिसतं, त्यालाच नोंदणीची सक्ती लागू होत नाही.

घरातलं कासव सांभाळणं जमत नसेल तर

शिव्या बसतील या भीतीने लोक गुपचूप कासव सोडतात. त्यापेक्षा जवळच्या वन विभागाला, पशुवैद्यकाला किंवा नोंदणीकृत प्राणी बचाव संस्थेला विचारणं केव्हाही चांगलं. जागा मिळेपर्यंत मोठा टब, बाहेर येऊन बसायला वीट किंवा दगड, रोज थोडा वेळ सकाळचं ऊन आणि आठवड्यातून काही वेळा पाणी बदलणं एवढं केलं तरी कासव नीट राहतं. टबातलं घाण पाणी नदी-ओढ्यात ओतू नये, झाडांना घालावं. नर-मादी एकत्र असतील तर वेगळे करावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*विहिरीत सोडलं तर? विहीर तर बंदिस्त असते.*
पावसाळ्यात काठोकाठ भरलेल्या विहिरीतून कासव बाहेर येऊ शकतं. बाहेर येता आलं नाही तर बसायला जागा नसलेल्या विहिरीत ते हळूहळू मरतं. दोन्ही शेवट वाईट.

*देवळाच्या तळ्यात आधीच बरीच आहेत, अजून एकाने काय होतं?*
नवं कासव नवा रोग आणू शकतं, नवा जोडीदार ठरू शकतं. आधीची कासवंही काढून घ्यायला हवीत, त्यासाठी वन विभागाला कळवावं.

*परदेशी आहे म्हणून मारून टाकलं तर?*
तसं करू नये. ओळख चुकली आणि ते देशी निघालं तर तो गुन्हा ठरतो. परदेशी असलं तरी प्राण्याला क्रूरपणे वागवणं कायद्याला मान्य नाही.

*सर्पमित्राने पकडलेला साप परदेशी निघाला तर?*
तो जंगलात सोडू नये. पकडल्याची जागा आणि वेळ नोंदवून वन विभागाच्या ताब्यात द्यावा. तो कुणाच्या घरातून आला याचा शोधही तिथूनच सुरू होतो.

*कासव पाळलं की घरात पैसा येतो, हे खरं का?*
त्याला आधार नाही. देशी कासव पाळल्याने घरात वन विभाग मात्र येऊ शकतो.

मांजरा आणि लेंडीचं पाणी एप्रिल-मेमध्ये डोहाडोहांपुरतं उरतं. त्या उरलेल्या पाण्यावर इथली फ्लॅपशेल, काळी आणि मऊ पाठीची कासवं उन्हाळा काढतात. पुढच्या वेळी कुणी पिशवीत लाल कानाचं कासव घेऊन घाटावर आलं, तर त्याला रागावण्यापेक्षा १९२६ लावून देणं जास्त उपयोगाचं ठरेल.